त्याच्या आईला कोण सांगणार?

पीएसपी नावाचं एक यंत्र होतं, हे आता नव्या पोरांना मुद्दाम सांगावं लागतं. सोनी कंपनीने २००४ च्या डिसेंबरात ते जपानात आणलं. चष्म्याच्या घरासारखं लांबट, काळं, चकचकीत. मध्ये चार इंचांहून थोडा मोठा पडदा आणि पाठीमागे एक झाकण. झाकण उघडून आत बिस्किटाएवढी तबकडी बसवायची, तिला यूएमडी म्हणत. अशा तबकडीवर स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीचा ‘क्रायसिस कोअर : फायनल फँटसी सेव्हन’ हा खेळ १३ सप्टेंबर २००७ रोजी निघाला आणि २००८ च्या मार्चमध्ये इंग्रजीत आला. तलवार आपणच चालवायची आणि तिच्या जोरावर एक लांबलचक कथाही पुढे न्यायची, अशा जातीचा हा खेळ. पुढे पीएसपीचे कितीतरी खेळ इंटरनेटवरून विकत मिळू लागले, पण हा मात्र त्या तबकडीवरच अडकून राहिला. यंत्र आणि तबकडी दोन्ही धड असतील त्यालाच तो परत खेळायला मिळायचा. त्यामुळे जवळजवळ पंधरा वर्षं ज्यांनी तो खेळला होता ते त्याच्याविषयी पोटतिडकीने बोलत आणि बाकीचे नुसते ऐकून घेत. मग १३ डिसेंबर २०२२ ला तोच खेळ ‘रीयुनियन’ असं नाव लावून, नवं रूप आणि नवे आवाज घेऊन आजच्या यंत्रांवर आला.

कुटुंबाच्या पानावर व्हिडिओ गेमचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. काम आहे. हा खेळ मी एकट्याने खेळलोच नाही. अर्धा खेळ माझ्या अज्जीचा होता.

अज्जी म्हणजे बाबांची आई. आमचं घर शहापुरातलं, बोली मराठी, पण आजीला आजी म्हणायची आमच्याकडे पद्धत नव्हती. ती बैलहोंगलची. लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा तिला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. ती भाषा तिने सासूच्या हाताखाली, चुलीपुढे बसून शिकली आणि पुढे जन्मभर बोलली. भाषा शिकली, लिंगं मात्र शिकली नाही. तिच्या मराठीत तलवार ‘तो’ असायचा आणि पाऊस ‘ती’ यायची. आम्ही नातवंडं हसायचो, तीही हसायची. बाबांशी ती कन्नडच बोले, आईशी आणि आमच्याशी मराठी, आणि मनाला काही लागलं की समोर कोणीही असो, कन्नड. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी हेच असेल, तेव्हा जास्त सांगत नाही.

माझी एसएसएलसीची परीक्षा झाली त्या २००८ च्या उन्हाळ्यात दुबईहून आलेल्या आतेभावाने ते यंत्र आणि ती तबकडी माझ्या हातात ठेवली. दुपारी लाईट गेली की टीव्ही बंद, पंखा बंद, आणि पीएसपी बॅटरीवर चालू. गंमत अशी की, या खेळात खलनायक कोण, तर वीज कंपनी! शिन्रा नावाची कंपनी जमिनीच्या पोटातलं चैतन्य उपसून त्याची वीज करते, स्वतःचं सैन्य बाळगते आणि जगावर राज्य करते. अज्जीला हे सांगितल्यावर तिने हातातला पंखा क्षणभर थांबवला आणि म्हणाली, “मग, खरंच आहे की!”

खेळातल्या मोठ्या प्रसंगांना आवाज होता, पण अधलेमधले कितीतरी संवाद नुसते अक्षरांत येत. पडद्याच्या तळाशी चौकट, चौकटीत इंग्रजी, आणि पात्रं तोंड मिटून उभी. ते मी वाचायचो आणि अज्जीसाठी मराठीत सांगायचो. नायक झॅक फेअर, सोळा वर्षांचा, गोंगागा नावाच्या आडगावातून मिडगार या राजधानीत आलेला. त्याला शूरवीर व्हायचंय, म्हणून तो त्याच वीज कंपनीच्या सैन्यात भरती झालाय. एक मिनिट स्वस्थ बसेल तर शपथ. त्याचा गुरू अँजिल त्याला कुत्र्याचं पिल्लू म्हणतो. मी तसंच सांगितलं. “नायमरी,” अज्जी म्हणाली, आणि त्या दिवसापासून झॅकचं आमच्या घरातलं नाव तेच झालं. “काय करायलाय तुझा नायमरी?” असं विचारत ती शेंगा सोलायला शेजारी येऊन बसायची.

अँजिलच्या पाठीवर एक भलीमोठी तलवार असते, पण ती तो सहसा काढतच नाही. वापरली की झिजते, गंजते, म्हणतो. त्याच्या बापाने त्या तलवारीपायी कर्ज काढलं आणि ते फेडता फेडता राबून मेला. मला वाटलं, हे अज्जीला कसं समजवावं. पण काही समजवावं लागलं नाही. बैलहोंगलहून आणलेला तांब्याचा हंडा तिने पन्नास वर्षांत एकदाही चुलीवर चढवला नव्हता. चिंच लावून घासायचा आणि फळीवर ठेवायचा.

सगळंच तिला आवडायचं असं नाही. जेनेसिस म्हणून एक लालकोटवाला आहे. तो कुठेही उपटतो आणि एका नाटकातल्या ओळी म्हणत सुटतो. मारामारीत ओळी, मरणाच्या दारात ओळी. एखाद्या कीर्तनकाराला दुसरा अभंगच येत नसावा तसं. त्याच्या वेळी अज्जी उठून चहा ठेवायला जायची. नव्या आवृत्तीतही तो तसाच आहे, आणि आता मी चहा ठेवतो.

कथा पुढे काळवंडत जाते. गुरू शिष्याच्याच हातून मरतो आणि मरताना ती तलवार त्याला देतो. सेफिरॉथ हा सैन्यातला सगळ्यांत मोठा वीर आपल्या जन्माचं रहस्य कळून वेडा होतो आणि एक अख्खं गाव जाळतो. झॅक आणि क्लाऊड नावाचा एक साधा शिपाई यांना कंपनीच पकडून प्रयोगशाळेत डांबते. झॅक तिथून निसटतो तेव्हा त्याला वाटतं, थोडेच दिवस गेले असतील. मग एरिथचं पत्र त्याच्या हाती लागतं. एरिथ म्हणजे मिडगारच्या झोपडवस्तीत फुलं वाढवणारी मुलगी. फुलं विकायला तिला गाडा करून दिला होता तो यानेच. ती लिहिते की हे एकोणनव्वदावं पत्र आहे आणि चार वर्षं झाली. आधीचं एकही त्याला पोचलेलं नाही. त्यानंतर झॅक शुद्धीवर नसलेल्या क्लाऊडला खांद्यावर टाकून मिडगारच्या वाटेला लागतो. शहर दिसू लागतं, आणि वाटेत कंपनीचं सैन्य उभं असतं.

शेवट काय होतो हे १९९७ चा मूळ ‘फायनल फँटसी सेव्हन’ खेळलेल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक होतं. मला नव्हतं. झॅक मरतो. मी बटणं दाबतच होतो. तलवार चालत होती, पण शिपाई संपत नव्हते, आणि मग कळलं की हे जिंकता येण्यासारखं नाहीच. पाऊस पडतो. क्लाऊड सरपटत त्याच्यापर्यंत येतो, तलवार आता त्याच्या हातात जाते. अज्जीला मी हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “होगली बिडु.” आणि जरा वेळाने, “अवनव्वग यार हेळतार?”

त्या वयात मला तो प्रश्न विनोदी वाटला. एवढं महायुद्ध झालं, आणि हिला काळजी काय, तर त्याच्या आईला कोण सांगणार!

आता नव्या आवृत्तीविषयी, कारण एकदोन वाचक तरी ती घ्यावी का हेच शोधत इथवर आले असतील. घ्यावी. चेहरे, कपडे, गल्लीबोळ सगळं नव्याने घडवलंय. तलवार चालवताना पूर्वी हात जड वाटायचा, आता तो सैल झालाय. संगीत ताकेहारू इशिमोतो यांचंच, पण नव्याने बांधलेलं. जुन्यातले तयार चित्रपटासारखे प्रसंग बहुतेक तसेच, स्वच्छ करून ठेवलेत, आणि ते नव्या चेहऱ्यांशेजारी थोडे परके दिसतात. कंटाळा आहे तो जुनाच. तीनशे छोट्या मोहिमा आहेत, आणि गुहा मोजून चारपाच प्रकारच्या असाव्यात असं वाटतं. तो दोष म्हणता येईल, पण मुळात बस येईपर्यंत एखादी उरकावी अशाच त्या बेतलेल्या होत्या. मोठ्या टीव्हीवर सलग बसून खेळाल तर आंबून जाल. मी निन्टेंडोच्या स्विचवर, हातात धरून खेळलो आणि तेच बरं झालं.

दोन बदल मात्र मला टोचले. पहिला आवाजाचा. आता सगळे संवाद बोलले जातात. जिथे नुसती चौकट यायची तिथे झॅक स्वतः बोलतो, तेही नव्या नटाच्या आवाजात. कामात काही उणं नाही. पण त्या मुक्या चौकटी आमच्या घरात मुक्या नव्हत्या. तिथे माझा फुटता आवाज होता, अज्जीचं “यार इंव?” होतं, शेंगा फुटल्याचा आवाज होता. त्या जागा आता भरून टाकल्यात.

दुसरा बदल जरा उकलून सांगावा लागेल. या खेळात पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात तीन चकत्या सतत फिरत असतात, जत्रेतल्या जुगाराच्या यंत्रासारख्या. त्यांना डिजिटल माइंड वेव्ह असं भारदस्त नाव आहे. चकत्यांवर आकडे, आणि झॅकच्या ओळखीच्या माणसांचे चेहरे : अँजिल, सेफिरॉथ, एरिथ, क्लाऊड. झॅक लढत असतो तेव्हा मागे त्या फिरत असतात. एकच चेहरा तिन्हीकडे जुळला की त्या माणसाच्या आठवणीचं बळ झॅकला मिळतं. एरिथ जुळली तर जखमा भरतात, अँजिल जुळला तर झॅक शत्रूवर तुटून पडतो. जुन्या खेळात यावर तुमचा काही ताबा नसे. ऐन धुमश्चक्रीत सगळं थांबायचं, चकत्या पडदा भरून यायच्या, कधी मध्येच एखादा जुना प्रसंग तरळून जायचा, आणि मग पुन्हा मारामारी. पुष्कळांना याचा राग यायचा. नव्या आवृत्तीत चकत्या कोपऱ्यातच फिरतात, लढाई फारशी अडत नाही, आणि जुळलेलं बळ तुम्ही हवं तेव्हा बटण दाबून वापरेपर्यंत थांबून राहतं. खेळ म्हणून हे शंभर पटींनी बरं. तरी मला जुनंच पटतं, आणि का ते सांगतो.

अज्जीला विसरायला होऊ लागलं ते २०२० च्या सुमारास. आधी नावं गेली, मग दिवस. मग एका सकाळी आईने विचारलं, “अज्जी, दूध घेताय काय?” आणि अज्जी तिच्याकडे पाहतच राहिली. ऐकू येत होतं, पण काय बोलतेय ते कळत नव्हतं. साठ वर्षं बोललेली मराठी महिन्या-दोन महिन्यांत ओसरत गेली. डॉक्टर म्हणाले, पुष्कळांच्या बाबतीत असं होतं, नंतर शिकलेली भाषा आधी सुटते आणि लहानपणची शेवटपर्यंत टिकते. आई खानापूरची. तिचं कन्नड भाजीबाजारापुरतं. ज्या सासूशी तीस-पस्तीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढली, तिच्याशी बोलायला तिला आता बाबांना हाक मारावी लागायची. माझं कन्नड शाळेतलं. मार्क मिळाले होते, भाषा आली नव्हती.

२०२३ मध्ये रात्री अज्जीजवळ बसायची पाळी माझी असे. काम घरूनच होतं, दिवसा झोपून घेता यायचं. नवी आवृत्ती मी खेळलो ती त्या रात्रींत, खोलीतला लहान दिवा लावून. ती तीनच्या सुमारास जागी व्हायची. कधी एकदम बहिणीला हाक मारायची, बैलहोंगलच्या विहिरीविषयी बोलायची, कठडा कुठे तुटला होता, पोहरा कोणाचा पडला होता, सगळं बारीकसारीक, जसं काल घडलं असावं. मी विचारून ते यायचं नाही. सकाळी बाबांनी विचारलं तरी यायचं नाही. कोणता चेहरा कधी जुळेल याचा कोणाला पत्ता नसे, अज्जीलाही नाही. जुळला की मात्र ती ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांची बाई उठून बसायची, अंगात बळ यायचं. आणि मग चकत्या पुन्हा फिरू लागायच्या. तिच्यासाठी बटण दाबून ठेवायची सोय कोणीच केलेली नव्हती.

शेवटच्या लढाईत काय होतं, ते मी २००८ मध्ये नीट पाहिलंच नव्हतं. तेव्हा माझं सगळं लक्ष शिपायांकडे. या वेळी शेवट माहीत होता, म्हणून कोपऱ्याकडे पाहत होतो. झॅकच्या अंगात गोळ्या घुसत जातात तशा त्या चकत्या बिघडतात. अडखळतात, चेहरे अर्धवट येतात, जुळता जुळता पांढरे होतात. एकेक माणूस पुसलं जातं. सगळ्यांत शेवटी एरिथ राहते, तीही धरून ठेवता येत नाही. खेळाचे दिग्दर्शक हाजिमे ताबाता आणि त्यांच्या मंडळींनी पंचवीस-तीस तास जी गोष्ट आपल्याला ताकद म्हणून हाताळायला लावली, तीच ते शेवटी आपल्या हातातून एकेक करून काढून घेतात. मी स्विच पालथा ठेवला आणि अज्जीचं पांघरूण नीट केलं. ती झोपली होती.

अज्जी २०२४ च्या पावसाळ्यात गेली. पण तो शेवट पाहिल्यावर आमच्याकडे अजून वर्ष-सव्वा वर्ष होतं, आणि त्यातल्या एका रात्रीविषयी लिहायचं राहिलंय.

तिचा पंधरा वर्षांपूर्वीचा प्रश्न माझ्या डोक्यात परत आला होता. त्याच्या आईला कोण सांगणार? मग मी १९९७ चा मूळ खेळ मोबाइलवर घेतला, केवळ गोंगागाला जायचं म्हणून. ही कथा झॅकच्या मरणानंतरची. नायक आता क्लाऊड. त्याच्या मनाचा एवढा चुराडा झालाय की झॅकची गोष्ट तो स्वतःची म्हणून सांगतो, झॅकचं नावसुद्धा त्याला आठवत नाही. पाठीवर तलवार झॅकची. गोंगागा गाव वाटेवर लागतं, पण तिथे थांबायची सक्ती नाही. नाही थांबलात तरी कथा पुढे जाते. थांबलात तर एक घर आहे, त्यात म्हातारा-म्हातारी आहेत. त्यांचा मुलगा दहा वर्षांमागे मिडगारला गेला. मध्ये एक पत्र आलं होतं, एक मुलगी आहे म्हणून. त्याचं नाव झॅक. तुम्ही पाहिलंत काय त्याला? ज्याच्यासाठी तो मेला तोच समोर उभा आहे, पण त्याला काही सांगता येत नाही. म्हणजे कोणीच सांगितलेलं नाही. अज्जीने विचारलं होतं ते भोळेपणाने नव्हतं. त्या कथेत खरोखरच तेवढी एक जागा उघडी ठेवलेली आहे. जगभरच्या खेळाडूंनी ती नंतर हेरली असेल, आमच्या घरात शेंगा सोलता सोलता सापडली होती.

त्या रात्री अज्जी जागी होती आणि बऱ्यापैकी शुद्धीत. मी तिला झॅकची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. या वेळी कन्नडमधून, माझ्या मोडक्या कन्नडमधून. तिच्या मराठीत पाऊस ‘ती’ यायची, तसंच माझ्या कन्नडमध्ये काय काय झालं असेल देव जाणे. शब्द अडला की हाताने दाखवत होतो. गुरू, तलवार, वीज कंपनी, फुलवाली मुलगी, एकोणनव्वद पत्रं. ‘नायमरी’ म्हटल्यावर ती किंचित हसली. आठवून हसली की नुसता शब्द गोड वाटला, ते ठरवायला माझ्याकडे काही साधन नाही. शेवटी गोंगागाचं घर सांगितलं. “अवनव्व इन्नू कायाकत्ताळ,” मी म्हटलं.

अज्जी माझ्याकडे बघत होती. माझं नाव तिला तेव्हा येत नव्हतं. तिने पांघरुणातून हात काढला, माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि विचारलं, “ऊट आतेनप्पा?”

पहाटेचे साडेतीन वाजले होते. मी म्हटलं, “आत, अज्जी.”